बुधवारची पाहणी

"साहेब, मग आज ठरलं काय?"

प्रश्न विचारून ती उभीच राहिली. खरं तर विचारायचं आणि धप्पकन खाली बसायचं, एवढंच ठरलं होतं. पैजच तशी होती. लांबुटकी म्हणाली होती, "तुझी हिंमतच नाही," आणि चष्मिस म्हणाली होती, "विचारून दाखव, महिनाभर तुझी विज्ञानाची वही मी लिहीन." वहीचा मोह होताच. पण सभापतींचा चेहरा कसा होतो हे बघायचा मोह वहीपेक्षा मोठा होता, म्हणून ती उभी राहिली.

चेहरा झाला तो असा : इस्त्री फिरवताना मध्येच वीज गेल्यासारखा.

नागरिकशास्त्राच्या बाईंनी दहावीच्या वर्गाला नगरपालिकेचं कामकाज दाखवायला आणलं होतं. कामकाज म्हणजे स्थानिक अर्थविकास समितीची बैठक. लांबलचक टेबल, त्याभोवती अकरा खुर्च्या, सात माणसं आणि बिस्किटांच्या चार बशा. एक तास चाळीस मिनिटं ही सात माणसं 'चालना', 'सुसंवाद' आणि 'सर्वसमावेशक' हे तीन शब्द पत्त्यांसारखे पिसून पिसून एकमेकांना वाटत होती. मधल्या वेळात एक सदस्य झोपले, जागे झाले, "सहमत" म्हणाले आणि पुन्हा झोपले. कोपऱ्यात काचेखाली नव्या इमारतीचा नमुना मांडला होता. त्यात बोटाएवढी माणसं, नखाएवढी झाडं. प्रत्येक माणसाच्या हातात बॅग आणि प्रत्येक जण हसत असलेला. ही माणसं एवढी कशाला हसतात, त्यांना बैठकीला बसावं लागत नाही म्हणून का, असं तिने लांबुटकीला विचारलं, आणि लांबुटकी खुसखुसली, आणि बाईंनी डोळे वटारले. तिथूनच पैज सुरू झाली होती.

शेवटी सभापतींनी घड्याळ बघून विचारलं, "आपल्या बालमित्रांना काही प्रश्न?" बाईंनी वर्गातल्या पहिल्या नंबरला कागदावर 'नगरपालिकेची प्रमुख कर्तव्ये कोणती?' असं लिहून दिलेलं होतं. तो बिचारा उठेपर्यंत आमची बया उठलीसुद्धा.

हिला वर्गात 'भोंगा' म्हणायचे. गंमत म्हणजे गेल्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही हिचा आवाज शेजारच्या बाकापर्यंत पोचत नसे. मग वादविवाद स्पर्धेच्या दिवशी कुणाचा तरी घसा बसला, बाईंनी हिला पुढे ढकललं, आणि हिला एक शोध लागला : आपण बोललो की लोक गप्प बसतात. केवढा हा शोध! तो लागल्यापासून ती दिवसरात्र त्याचीच खात्री करून घेत होती.

"ठरलं म्हणजे..." सभापती म्हणाले. "बरंच काही ठरलं, बाळ." आणि त्यांनी मान विकास अधिकाऱ्यांकडे वळवली. स्वतः काय ठरवलं हे दुसऱ्याला विचारायची ही सवय बहुधा जुनी असावी, कारण अधिकारी आधीच फाईल उघडून बसले होते. त्यांच्या खिशाला तीन पेनं होती, तिन्ही कोरी करकरीत.

"विषय क्रमांक चार," अधिकाऱ्यांनी वाचलं. "जुन्या बाजारामागील दुरुस्ती गल्ली ही मृत बाजारपेठ असल्याचे पाहणीत निष्पन्न. सेहेचाळीसपैकी त्रेचाळीस गाळे बंद आढळले. सबब सर्व गाळे तीन महिन्यांत रिकामे करून घेऊन तेथे नवउद्योग प्रेरणा केंद्र उभारण्याची शिफारस. पुढील शुक्रवारी मुख्य सभेत शिक्कामोर्तब."

भोंग्याच्या पायाखालची फरशी हलली. गाळा क्रमांक एकोणीस, दुरुस्ती गल्ली. एका बाजूला बाबांचं किल्ल्या कापायचं यंत्र, दुसऱ्या बाजूला आईचं बॅगा आणि चेन दुरुस्तीचं मशीन. आज सकाळीच ती तिथून डबा घेऊन आली होती, तेव्हा गल्ली इतकी मेलेली होती की तिला सायकलवरून उतरून ती ढकलत न्यावी लागली.

"बंद?" ती म्हणाली. "आमची गल्ली?"

"फोटोसह अहवाल आहे," अधिकारी म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. भिंतीवर एकामागून एक शटरं येऊ लागली. करडी, निळी, गंजकी. मग हिरवं शटर आलं, वर हाताने रंगवलेली मोठी किल्ली. किल्लीचे दात तिनेच रंगवले होते, सातवीत असताना, आणि एक दात जास्त झाला होता.

फोटोच्या कोपऱ्यात तारीख होती. चष्मिसला तारखेवरून वार काढायची खोड आहे. सगळ्या वर्गाला आपापला जन्मवार तिनेच सांगितलाय. ती मागून कुजबुजली, "गेल्या महिन्याची सतरा. बुधवार गं."

"साहेब, हा बुधवार आहे!" भोंगा वाजला. "बुधवारी आमची गल्ली बंदच असते. साप्ताहिक सुट्टी. तुम्हीच ठरवून दिलीय. परवान्यावर छापलंय. उघडलं तर दंड करता!"

झोपलेले सदस्य जागे होऊन "सहमत" म्हणाले.

आता कुणालाही वाटेल की इथे कुणीतरी कपाळावर हात मारेल. निदान जीभ चावेल. पण हात मारायलासुद्धा कपाळाच्या आत काही असावं लागतं. सभापतींनी अधिकाऱ्यांकडे बघितलं, अधिकाऱ्यांनी फाईलकडे बघितलं, आणि फाईलने दोघांना धीर दिला.

"पाहणीची पूर्वसूचना देता येत नाही," अधिकारी म्हणाले. "निष्पक्षपणाला बाधा येते."

"आणि उघडे असलेले तीन गाळे कोणते?"

अधिकाऱ्यांनी पान उलटलं. "एक औषधांचे दुकान. एक... सार्वजनिक स्वच्छतागृह. आणि करभरणा खिडकी."

"म्हणजे दोन तुमचेच!"

मागच्या रांगेतून हशा फुटला. बाईंनी तिच्या पाठीवर असा हात ठेवला की तो मायेचा नाही हे पाठीला लगेच कळलं. सभापतींनी मात्र मोठ्या मनाने हसून घेतलं. "हुशार आहे हो मुलगी! असं जागरूक तारुण्य हवं. तू एक काम कर बाळ, अर्ज कर." आणि सात जणांनी टाळ्या वाजवल्या. आपली चूक दाखवून दिली म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि चूक तशीच ठेवून द्यायची. एवढी सफाई यायला किती निवडणुका लागत असतील कोण जाणे.

संध्याकाळी ती धावतच गाळ्यात शिरली. भिंतभर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्यांचे झुबके, खाली पितळेचा सोनेरी चुरा, आणि त्यात बाबा, भिंग डोळ्याला लावून एका जुनाट कुलपाच्या पोटात बघत होते. आई एका शाळेच्या दप्तराची चेन मेण घासून मऊ करत होती. बाहेर बाकड्यावर चार गिऱ्हाइकं. मेलेली गल्ली!

तिने सगळं एका दमात सांगितलं. बाबांनी भिंग काढलं.

"तू सभापतींना उलट बोललीस?"

"उलट नाही हो बाबा, सुलट बोलले. उलट ते बोलले."

"सगळ्यांसमोर?"

"बाबा, गाळा जातोय आपला!"

बाबा पुन्हा कुलपात बघू लागले. तिला त्यांचा हा स्वभाव आता आतापर्यंत गरीब आणि गोड वाटायचा. या वर्षी पहिल्यांदाच त्याचा राग यायला लागला होता. शहरातलं कुठलंही कुलूप ज्या माणसापुढे चिडीचूप उघडतं, तो माणूस खिशाला पेन लावलेला कुणीही दिसला की अर्धा वाकतो. नगरपालिकेच्या अध्यक्षांच्या कपाटाची किल्ली एकदा हरवली होती तेव्हा बाबांनीच ते उघडून दिलं होतं. ती गोष्ट ते अजून सांगतात, आणि सांगताना नेहमी एक वाक्य असतं : "अध्यक्ष मला स्वतः 'या' म्हणाले." त्याचे पैसे स्वतः दिले नाहीत, हे वाक्य आई घालते.

"मोठी माणसं आहेत," बाबा म्हणाले. "त्यांनी विचार केला असेल."

"सात जण होते बाबा. सातांत मिळून एकाच्या डोक्यात बुधवार आला नाही."

आईने दात लावून दोरा तोडला. "अर्ज कर म्हणालेत ना? मग कर. अक्षर नीट काढ."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, शाळा सुटल्यावर ती अर्ज घेऊन नगरपालिकेत गेली. लांबुटकी आणि चष्मिस सोबत होत्या. गंमत बघायला, असं त्या म्हणाल्या, पण जिना चढताना दोघींनी तिचे हात धरले होते. अर्ज आधी आवक खिडकीवर, मग शिक्क्याला, मग शिक्का उलटा पडला म्हणून परत शिक्क्याला. विकास अधिकाऱ्यांच्या दारावर 'प्रेरणा कक्ष' अशी नवी पाटी होती आणि आत जुना पंखा.

अधिकाऱ्यांनी अर्ज दोनदा वाचला. माणूस वाईट नव्हता, हेच त्यातलं सगळ्यात वैतागाचं. वाईट असता तर भांडता आलं असतं. हा नुसता गुळगुळीत होता, कुठे नख लावावं तेच कळत नव्हतं.

"तुमचं म्हणणं रास्त आहे," ते म्हणाले. "फेरपाहणी करू. मुख्य सभेच्या आत करू."

भोंग्याने मैत्रिणींकडे विजयी मुद्रेने बघितलं.

"येत्या बुधवारी," अधिकारी म्हणाले.

लांबुटकीच्या तोंडून उचकी बाहेर पडली.

"साहेब," भोंगा शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाली, "बुधवारीच तर बंद असते."

"हो, ते अर्जात आलंय. पण जीप बुधवारीच मिळते." त्यांनी काचेखालचा तक्ता दाखवला. सोमवार, मंगळवार जीप अध्यक्षांकडे. गुरुवारी वसुलीला. शुक्रवारी दुरुस्तीला. "आज दुरुस्तीलाच आहे."

"चालत या की! इथून सात मिनिटं आहे. मी मोजलीत."

अधिकारी हसले. लहान मुलाने चंद्र मागितल्यावर हसतात तसं. "पाहणी चालत होत नसते. पाहणीला वाहन लागतं. वाहन क्रमांक अहवालात लिहावा लागतो, रकाना आहे तसा."

"मग त्या दिवशी आम्हाला दुकानं उघडायची परवानगी द्या."

"जरूर. ती बाजार विभाग देतो. अर्ज करायचा, त्यांची समिती विचार करते."

"समिती कधी बसते?"

अधिकाऱ्यांना स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं. त्यांनी शिपायाला विचारलं. शिपाई दारातूनच म्हणाला, "गुरुवारी, साहेब."

"गुरुवारी," अधिकाऱ्यांनी तिला सांगितलं, जणू तिला कानच नव्हते. मग त्यांनी ड्रॉवरमधून गुळगुळीत कागदाचं एक रंगीत पत्रक काढून तिच्या हातात ठेवलं. "हे वडिलांना दे. गाळेधारकांचा आम्ही पूर्ण विचार केला आहे. तीन आठवड्यांचं मोफत प्रशिक्षण. व्यवसाय कसा करावा."

पत्रकावर एक माणूस टाय लावून डोंगरावर उभा होता. डोंगरावर टाय लावून कोण जातं?

जिना उतरताना चष्मिस म्हणाली, "म्हणजे एक खातं सकाळी येऊन उघडलेल्यांना दंड करणार, आणि दुसरं खातं दुपारी जीपमधून येऊन बंद ठेवलेल्यांना 'मृत' म्हणून लिहून नेणार."

"एकाच इमारतीत बसतात गं," लांबुटकी म्हणाली. "एकाच मजल्यावर! मधे फक्त पाण्याचा माठ आहे."

एरवी भोंग्याने यावर सात वाक्यं केली असती. आज ती गप्प होती, आणि तिचं गप्प बसणं बघून दोघी घाबरल्या. तिच्या डोक्यात एकच चालू होतं : बुधवारी जीप येईल, हिरव्या शटरचा आणखी एक फोटो काढेल, शुक्रवारी सात जण हात वर करतील, आणि बाबांचं यंत्र तीन महिन्यांनी घरात पलंगाखाली जाईल. पलंगाखाली ते मावतही नाही.

रात्रीच्या जेवणाला ती तिघं बसली. बाबांनी पत्रक ताटाशेजारी उलगडून ठेवलं होतं आणि घास घेता घेता वाचत होते.

"प्रमाणपत्रसुद्धा देतात," बाबा म्हणाले.

"कसलं?"

"व्यवसाय करता येतो, असं."

तिचा घास हातातच राहिला. "बाबा, तुम्ही बावीस वर्षं व्यवसाय करताय. या बावीस वर्षांत त्या अधिकाऱ्याने एक किल्ली विकलीय? एक चेन बसवलीय? त्याला जीपशिवाय सात मिनिटं चालता येत नाही, तो तुम्हाला शिकवणार? आणि तुम्ही वही घेऊन पहिल्या बाकावर बसणार?"

"आवाज कमी कर," बाबा म्हणाले. "भिंती पातळ आहेत."

"ऐकू दे भिंतींना! कोणीतरी ऐकू दे!"

"मग काय करू मी?" बाबांनी पत्रक खाली ठेवलं. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण तो कुठेतरी तडकला होता. "सांग ना. तू अर्ज केलास, काय झालं? मी भांडलो तर उद्या परवानाच काढून घेतील. गाळा जाईल तो जाईल, रस्त्यावर बसायचंही बंद करतील. कुलूप उघडता येतं मला. माणसं उघडता येत नाहीत."

ती वरमली. बापाला आपण त्या सात जणांच्या रांगेत बसवलं, हे तिच्या लक्षात आलं. बाबा मूर्ख नव्हते. बाबा घाबरले होते, तिच्यासाठी आणि तिच्या फीसाठी, आणि ते तिला इतके दिवस दिसलंच नव्हतं, कारण ती स्वतःचाच आवाज ऐकण्यात गुंग होती.

आईने दोघांच्या ताटात वाढलं. मग ती अगदी साध्या सुरात म्हणाली, "शिलाई मशीनवाले काका गेल्या वर्षी बुधवारी उघडून बसले होते, आठवतं? लग्नाची ऑर्डर होती कुणाची तरी. बाजार निरीक्षक सकाळी दहाला सायकलवर आला आणि पावती फाडून गेला."

"तो येतोच," बाबा म्हणाले. "दर बुधवारी. एक बुधवार चुकवत नाही."

"तोच एक काम करतो त्या इमारतीत," भोंगा पुटपुटली. आणि मग एकदम ताठ बसली. "आई, त्या पावतीवर काय लिहिलेलं असतं?"

"काय असणार? दंड."

"नाही, नीट आठव. शब्द."

आईने आठवलं. काकांनी ती पावती वैतागून महिनाभर मशीनच्या वरच चिकटवून ठेवली होती, येता जाता दिसायची. "गाळा क्रमांक अमुक अमुक. बुधवार, तारीख. 'व्यवसाय चालू स्थितीत आढळला.' खाली निरीक्षकाची सही. आणि शिक्का."

"कोणाचा शिक्का?"

"नगरपालिकेचा. आणखी कोणाचा?"

बाबांचा हात ताटावर थांबला होता. त्यांच्या चेहऱ्यावर तीच खूण उमटत होती जी कुलपाच्या पोटात शेवटचा खटका सापडला की उमटते. फक्त या वेळी ते ती दाबायचा प्रयत्न करत होते.

"नाही," ते म्हणाले. "नियम मोडायचा नाही आपण."

"मोडायचाच! मोडला तरच तो लिहून देणार की आपण जिवंत आहोत. जीपवाल्यांच्या फोटोला विचारतंय कोण? त्यांच्याच सहीचा, त्यांच्याच शिक्क्याचा कागद, त्यांच्याच वाराचा! मुख्य सभेत त्रेचाळीस पावत्या टेबलावर ठेवल्या तर काय म्हणतील? आमचा शिक्का खोटा आहे म्हणतील?"

"म्हणतीलसुद्धा," आई म्हणाली. "त्यांचं काही सांगता येत नाही."

"म्हणू देत. मग मी तेही विचारीन. सगळ्यांसमोर."

"त्रेचाळीस जण कुठून येणार?" बाबांनी विचारलं. पण हा प्रश्न होता, नकार नव्हता, आणि हे तिला बरोबर कळलं.

ती उठून उभी राहिली. बसून सांगण्यासारखं ते नव्हतंच. हात खरकटा होता, आवाज मात्र ठणठणीत होता.

"आई, बाबा, ऐका. उद्या आणि परवा मी गल्लीतल्या एकेका गाळ्यात जाऊन सगळ्यांना हे सांगणार आहे. कोणी आलं तर उत्तम, नाही आलं तर आपण एकटे. बुधवारी मी शाळेत जाणार नाही. नवाच्या ठोक्याला शटर मी वर करणार, यंत्र मी चालू करणार आणि निरीक्षक आला की त्याला खुर्ची देणार, पाणी देणार आणि पावती नीट वाचून घेणार. बाबा, तुम्हाला यायचं नसेल तर येऊ नका. मी किल्ली कापायला शिकलेय."